नॉर्मलचा बीकर

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला रोग शिकवत नाहीत. वर्षभर फक्त धडधाकट माणूस शिकवतात. कुठलं हाड कुठे बसतं, हृदय कुठल्या क्रमाने आकसतं, मूत्रपिंड दिवसभर काय गाळत बसतं. बिघडलेला माणूस दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो. पण हे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कोण पटवणार? ताईला प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात शेजारच्या काकू गुडघ्याचा एक्स-रे घेऊन हजर झाल्या, आणि ताईच्या आईने त्यांना खुर्चीत बसवून सांगितलं, "जरा थांबा, आंघोळीला गेलीय. आली की बघेल."

या घरात तर एक सोडून दोन डॉक्टर होऊ घातले होते. दुसरा ढब्बू. तो ताईचा आतेभाऊ. आत्याचं गाव लांब, नवरा लवकर गेलेला, मुलगा एकुलता एक, आणि भावाचं घर कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तेव्हा हॉस्टेलचा विषय मामाने, म्हणजे ताईच्या बाबांनी, काढूच दिला नाही. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून ढब्बू. पुढे चांगला उंच झाला तरी नाव तेच राहिलं. ताई त्याच्याहून काही महिन्यांनीच मोठी, पण त्याने तिला कायम ताईच म्हटलं, आणि कॉलेजच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत तशी मोठ्याने हाक मारली. झालं. आठवडाभरात अख्खा वर्ग तिला ताई म्हणायला लागला, तिच्याहून मोठी मुलंसुद्धा. तिने चिडून त्याच्याशी अबोला धरला. तो अबोला आहे हे त्याला कळलंच नाही, असा तो मुलगा.

त्याला सोडायला आलेली आत्या निघताना दारात ताईचा हात धरून म्हणाली होती, "वेंधळा आहे गं जरा. तू लक्ष ठेव." ताईने मान डोलावली. लक्ष ठेवणं तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिच्या पुस्तकांना कव्हरं असायची, पेन्सिलींना टोक असायचं, आणि दुसऱ्याची चूक तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. सकाळी दोघं ॲप्रन हातावर टाकून निघायची. डिसेक्शन हॉलमधून परत आल्यावर ढब्बू कितीही हात धुवायचा, तरी मामी त्याला आधी कपडे बदलायला पिटाळायची. जेवणाच्या टेबलावर अर्ध्या भागात मांडीची, दंडाची हाडं पसरलेली असायची. "ही मंडळी उठल्याशिवाय मी तुमची ताटं मांडणार नाही," असं मामी म्हणायची, आणि ढब्बू हाडांना "चला, उठा पाहुणे" म्हणत पिशवीत भरायचा. मामा पेपरातून डोकं वर काढून रोज एखादी शंका विचारायचा. एकदा त्याने विचारलं, "प्लीहा म्हणजे नक्की कुठे रे?" ढब्बूने त्याच्याच शर्टावर पेनाच्या मागच्या बाजूने आकृती काढून दाखवली. हात चांगला होता त्याचा. हाडांच्या पहिल्या तोंडी परीक्षेत त्याने डोळे मिटून, नुसतं चाचपून, मनगटातलं चिमुकलं हाड ओळखलं, आणि ते डावं की उजवं तेही सांगितलं. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ताईला त्याच्याहून कमी मार्क पडले. त्याच्या कौतुकाचा तिला आनंद झाला नाही असं नाही. झाला, पण जरा उशिराने झाला.

पुढे कधीतरी ढब्बूने पाणी प्यायला सुरुवात केली.

म्हणजे पाणी सगळेच पितात. पण हा फ्रिजमधली बाटली उभ्या उभ्या संपवायचा, रिकामी तशीच आत ठेवायचा, आणि मामी शिरा ताणून ओरडायची. लेक्चरच्या मधेच तो वाकून वाकून बाहेर जायचा. फिजिओलॉजीच्या सरांनी त्याला एकदा विचारलंही, "काय हो, तुमचं बाहेर दुकान आहे का?" वर्ग हसला, तोही हसला. जेवायला बसला की भाताचं पातेलं रिकामं करून उठायचा आणि तासाभरात बिस्किटांचा डबा शोधायचा. मामी कौतुकाने सांगायची, "पोराची भूक बघा. पण एवढं खाऊन अंगाला काही लागत नाही मेल्याच्या." पँट कमरेवरून घसरायला लागली तेव्हा तिने बेल्टला खिळा तापवून नवीन भोक पाडून दिलं, आणि पुढे आणखी एक.

प्रत्येकाकडे कारण तयार होतं. मामी म्हणाली, घराची आठवण येते त्याला. मामा म्हणाला, मोबाइल. ढब्बू स्वतः म्हणाला, उकडतं फार. आणि ताईने काढलेलं कारण असं की तो आळशी झालाय. कारण आता तो पुस्तक उघडलं की पेंगायचा. डिसेक्शनला टेबलाला रेलून उभा राहायचा. मायक्रोस्कोपखाली यकृताची स्लाइड लावली तर म्हणायचा, "ताई, मला सगळं धुरकट दिसतंय गं." ताई म्हणायची, "फोकस कर ना मग. तो स्क्रू कशासाठी दिलाय?" तो स्क्रू फिरवत बसायचा. शेवटी तीच त्याला सरकवून आत बघायची, आणि तिला सगळं लख्ख दिसायचं.

इन्शुलिन कुठल्या ग्रंथीतून येतं हे दोघांनाही बारावीपासून पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं, आणि समोर बसून भात खाणाऱ्या भावात ते ओळखणं वेगळं. पहिल्या वर्षाच्या पोरांना आपापल्या अंगात हजार रोग दिसतात असं म्हणतात. या घरात मात्र एक होता तोही दिसला नाही.

मग बायोकेमिस्ट्रीचं ते प्रॅक्टिकल आलं.

बायोकेमिस्ट्रीची लॅब लांबलचक होती. मधोमध दगडी ओटे, प्रत्येक ओट्याला नळ, बर्नर आणि बाटल्यांची रांग. शिकवायला डेमॉन्स्ट्रेटर मॅडम होत्या. तरुण, घाईत असलेल्या, आवाज बसलेला. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणाचं उत्तर भलतंच आलं की त्या म्हणायच्या, "फर्स्ट इयरला रोग सापडत नाही, चूक सापडते. शोधा." आणि खरंच सापडायची. कुणी बाटली चुकीची घेतलेली असायची, कुणी थेंब मोजलेले नसायचे. त्यामुळे पोरांना एक शिस्त लागली होती. पुस्तकातलं उत्तर आलं नाही तर पुस्तकाचं बरोबर आणि आपलं चूक.

त्या दिवशी लघवी तपासायची होती. प्रत्येक ओट्यावर दोन बीकर. एक लॅबने दिलेला. त्यात साखर आणि अंड्याचा पांढरा बलक मिसळून ठेवलेला, त्यावर 'ॲबनॉर्मल' अशी चिठ्ठी. दुसरा रिकामा, त्यावर 'नॉर्मल'. हा दुसरा ओट्यावरच्या पोरांपैकी कुणीतरी स्वतः भरून आणायचा, ही तिथली वर्षानुवर्षांची पद्धत. इतर वेळी जिभेला हाड नसलेली ती सगळी मंडळी एकदम छताकडे बघायला लागली.

"द्या इकडे," ढब्बू बीकर उचलत म्हणाला. "हे दान माझ्याकडे लागलं. पाहिजे तर शेजारच्या ओट्याचंही घेऊन येतो."

तो आला आणि बीकर दुसऱ्याशेजारी ठेवला. ओल्या काचांवरच्या दोन्ही चिठ्ठ्या सुटून ओट्यावर पडल्या. त्या त्याने उचलून परत चिकटवल्या. हे ताईने पाहिलं.

बेनेडिक्टचं द्रावण निळंशार असतं. ते परीक्षानळीत घ्यायचं, त्यात लघवीचे थोडे थेंब टाकायचे, आणि चिमट्यात नळी धरून उकळायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. असेल तर हिरवट होतं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि फारच असेल तर विटेच्या रंगाचा गाळ बसतो. ताईने 'नॉर्मल'च्या बीकरमधले थेंब मोजून टाकले आणि नळी ज्योतीवर धरली. निळा रंग बघता बघता गढूळला. आणखी थोड्या वेळाने नळीत सरळ विटकरी गाळ होता.

ओट्यापलीकडून वाकून बघणाऱ्या मुलाला सगळे वकील म्हणायचे, कारण तो प्रत्येक मार्कासाठी भांडायचा. वकील म्हणाला, "ढब्बू, फारच गोड माणूस आहेस रे तू!"

सगळे खदखदून हसले. ढब्बू तर सगळ्यात जास्त.

ताई हसली नाही. शेजारच्या ओट्यांवर निळ्या नळ्या स्टँडला लागत होत्या आणि हिच्या हातात विटकरी. "तू चिठ्ठ्या बदलल्यास," ती म्हणाली.

"नाही गं. पडल्या होत्या त्या, पण माझ्या लक्षात होतं कुठला कुठला ते."

"लक्षात होतं म्हणे. तुझ्या काय लक्षात राहतं हल्ली?"

"मी नीट ठेवले होते गं ताई."

मॅडम तेवढ्यात आल्या. नळी उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "नॉर्मलला हे येईल का? बीकर बदलले असतील, नाहीतर नळी घाण असेल. सगळं ओता, सगळं धुवा, पहिल्यापासून करा. वेळ कमी आहे." आणि त्या पुढच्या ओट्याकडे गेल्या.

'ॲबनॉर्मल'च्या बीकरमधले थेंब नुसते एकदा उकळून बघितले असते तर काम झालं असतं. बीकर बदललेच असते, तर ते दुसरं निळं राहिलं असतं. राहिलं नसतंच. एवढी साधी गोष्ट होती, आणि ओट्याभोवती प्रवेशपरीक्षेत पहिल्या नंबरांत आलेली पोरं होती. पण ओतायचा हुकूम आला होता आणि ताईला वेळेत संपवायचं होतं. तिने दोन्ही बीकर मोरीत पालथे केले आणि ढब्बूला म्हणाली, "आता तूच धू सगळं. तुझ्यामुळे झालंय."

ढब्बूने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बरं. असेल बाबा. मीच घातला असेल गोंधळ." नळ सोडून तो एकेक नळी ब्रशने घासायला लागला. मधेच थांबून त्याने नळाखाली ओंजळ धरली आणि पाणी प्यायला. या वेळी वकिलाने बीकर भरून आणला. रंग निळा राहिला. मॅडमनी सही केली आणि शेजारी 'छान' असं लिहिलं.

त्या दिवसापासून ढब्बू लॅबमध्ये कशाला हात लावेनासा झाला. "तू कर ताई, मी बघतो," म्हणायचा. त्याला घाबरायला झालं होतं हे तिला कळायला हवं होतं. तिला ते सोयीचं वाटलं. तिचं काम भराभर व्हायला लागलं.

पुढच्या परीक्षेत स्लाइड ओळखायच्या होत्या. टेबलांवर मायक्रोस्कोप मांडलेले, घंटा वाजली की पुढच्या टेबलाशी सरकायचं. ढब्बू सगळीकडे वाकून डोळे बारीक करून बघत राहिला आणि बहुतेक ठिकाणी कोरा कागद देऊन बाहेर आला. तोंडीला उभ्या उभ्या त्याला घेरी आली. सर म्हणाले, "अभ्यास केला नाही की अशीच घेरी येते." हाडं डोळे मिटून ओळखणाऱ्या मुलाला ते असं म्हणाले, आणि त्यालाही ते खरं वाटलं.

त्या दुपारी दोघं लायब्ररीच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती. त्याचे ओठ सुकलेले होते, गालांची हाडं वर आली होती.

"ताई, मला हे झेपत नाहीये," तो म्हणाला. "आधी वाचलेलं लक्षात राहायचं. आता ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतो. हातपाय गळाल्यासारखे होतात. माझं डोकंच मेडिकलचं नाहीये बहुतेक."

मग त्याने विचारलं, "तुला काय वाटतं?"

तिने नाही म्हणायला हवं होतं. वेडा आहेस का, एवढंच म्हणायला हवं होतं. तो त्याचीच वाट बघत होता, आणि हे तिला त्याच वेळी जाणवलंही होतं. पण बरेच दिवस त्याला उठवून उठवून, ओढून ओढून ती वैतागली होती. आणि खरं सांगायचं तर तो मागे पडत होता याचं तिला आत कुठेतरी फार वाईट वाटत नव्हतं. ती समजूतदार आवाजात म्हणाली, "सगळ्यांनाच जमतं असं नाही रे. उगाच वर्षं घालवण्यापेक्षा आत्ताच ठरवलेलं बरं."

"हो ना," तो म्हणाला.

घरी त्याने कॉलेज सोडायचं सांगितलं तेव्हा मामाने आधी आवाज चढवला, मग त्याच्याकडे नीट पाहिलं आणि खाली बसला. "पोरगं वाळून चाललंय," तो मामीला म्हणाला. "डॉक्टरकीपायी जीव घ्यायचाय का त्याचा?" आत्या फोनवर रडली. मग म्हणाली, तू घरी ये, बाकी बघू. कॉलेज सोडायचा अर्ज द्यायचा होता. ढब्बूला मजकूर सुचेना, तेव्हा ताईने तो सांगितला आणि त्याने लिहून घेतला. अभ्यासक्रम झेपत नसल्याने स्वखुशीने प्रवेश सोडत आहे. वाक्य स्वच्छ होतं. ताईची वाक्यं स्वच्छच असायची.

तो गावी गेला त्या सकाळी तिचं प्रॅक्टिकल होतं. मामा त्याला गाडीत बसवून आला. "पाण्याच्या बाटल्या घेतल्यान् बघ केवढ्या," एवढंच त्याने सांगितलं.

आठवडाही गेला नसेल, आत्याचा फोन आला. ढब्बू सकाळपासून उलट्या करतोय, लांब लांब श्वास घेतोय, हाक मारली तर ओळख देत नाही. मामा, मामी आणि ताई मिळेल त्या गाडीने निघाली. पोचेपर्यंत त्याला तिथल्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात हलवलं होतं. दोन्ही हातांना सुया, नाकात नळी, आणि चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं इतका तो सपाट. आत्या भिंतीला टेकून जमिनीवरच बसली होती.

तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "शुगर प्रचंड वाढलीय," त्या म्हणाल्या. "शरीरात इन्शुलिन तयारच होत नाहीये. या वयात होतं असं कधीकधी. रक्तात आम्ल साठलंय, म्हणून हा श्वास. हा काही आजचा प्रकार नाही. पाणी खूप पीत होता का?"

"पीत होता म्हणजे काय!" मामी म्हणाली. "बाटल्या पुरायच्या नाहीत."

"लघवीला सारखा जायचा?"

"सारखा."

"भूक?"

"मरणाची. आणि तरी वाळत होता. बेल्टला मीच भोकं पाडून दिली. बाथरूममध्ये मुंग्या यायच्या हो, मी पावडर टाकायचे. तोंडाला पिकलेल्या फळांसारखा वास यायचा जायच्या आधी. मला वाटलं, बाहेर फळं खाऊन येतो." मामी बोलता बोलता हळू होत गेली आणि मग थांबली. एवढं सगळं तिने पाहिलेलं होतं, एका ओळीत आज पहिल्यांदा म्हटलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुणी एकदा लघवी तपासली असती तरी कळलं असतं."

ताईला एकदम त्या नळीतला विटकरी रंग दिसला. तिला वाटलं, आत्ताच ओरडून सगळ्यांना सांगावं, की तपासली होती, मी तपासली होती, या हाताने. तेवढ्यात आत्याने तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, "तू नको घाबरू गं. तू होतीस म्हणून एवढे दिवस तरी निभावलं त्याचं."

तो वाचला. दोन दिवसांनी त्याने डोळे उघडले आणि आईला ओळखलं. ताई कॉलेजला परतली ती थेट मॅडमकडे गेली. मॅडम पुढच्या वर्गासाठी बाटल्या भरत होत्या. ताईने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. मॅडमनी बाटलीचं बूच लावलं आणि स्टुलावर बसल्या.

"मीच ओतायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "बघितलं होतं मी ते. उजेडात धरून बघितलं होतं."

मग त्या ॲप्रन न काढताच ताईला घेऊन डीनकडे गेल्या. डीन वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, कारकुनाला अर्ज आणायला सांगितला, चष्मा लावून दोनदा वाचला. "आजारपण लिहिलं असतं तर मला रजा देता आली असती," ते म्हणाले. "वर्षभराची सुद्धा देता आली असती. पण हे स्वखुशीने सोडलंय. आणि कारण दिलंय झेपत नसल्याचं. आता ही जागा त्याची नाही. मी वर विचारून बघतो, पण आशा ठेवू नका." त्यांनी विचारलं. उत्तर नाही असंच आलं. मॅडम पुन्हा एकदा एकट्या जाऊन भांडून आल्या, असं कारकून नंतर म्हणाला. त्याने काही बदललं नाही.

सुट्टी लागल्यावर ताई आत्याकडे गेली. चार दिवस राहा म्हणून आत्यानेच बोलावलं होतं, म्हणून ती कपड्यांची बॅग भरूनच गेली. ढब्बू पलंगावर बसून पोटाची कातडी चिमटीत धरून इन्शुलिन टोचून घेत होता. गाल भरले होते. सुई काढून त्याने ती डब्यात टाकली, जागेवर कापूस दाबला, आणि हे सगळं बोलता बोलता, खाली न बघता. "ये ताई. बघ, दवाखाना घरीच उघडला."

तिने बॅग खाली ठेवली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसली असती तर धीर सुटला असता. "ढब्बू, त्या दिवशी बीकर बदलले नव्हते. ते नॉर्मलचंच होतं. तुझंच होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे मी नीट ठेवले होते?"

"हो."

"मी म्हटलं होतं तुला."

"हो."

ती ओरडा खायच्या तयारीने आली होती. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर ती त्याची आभारी झाली असती. पण त्याचा चेहरा फुलत चालला होता. "अगं, म्हणजे मी वेंधळेपणा केलाच नव्हता! आणि ते धुरकट दिसायचं ते शुगरमुळे! डॉक्टर म्हणाल्याच, डोळ्यांवर येतं म्हणून. आणि पाठ व्हायचं नाही, झोप यायची... आई! आई, इकडे ये आधी!"

आत्या हात पुसत आली. तो तिला घाईघाईने सांगायला लागला, शब्द एकमेकांत अडकत होते. "मला येत होतं आई. माझं डोकं ठीक होतं. मी आजारी होतो, ढ नव्हतो. मला वाटायचं, मी ढ झालो. रोज वाटायचं."

आत्या त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "मी कधी म्हटलं तुला ढ?" मग ताईकडे वळली. तिच्या डोळ्यांत आशा होती, आणि तीच बघवत नव्हती. "मग आता घेतील ना गं परत? नीट समजावून सांगितलं तर?"

"नाही घेत, आत्या. मी गेले होते. मॅडमही आल्या होत्या. अर्जात झेपत नाही असं लिहिलंय. आजारी होता असं लिहिलं असतं तर घेतलं असतं."

हातातला कापूस ढब्बू बोटांत गोल गोल फिरवत राहिला.

"झेपत नाही?" आत्या म्हणाली. "असं कुणी लिहिलं?"

"मीच, आई," ढब्बू पटकन म्हणाला. "सही माझी आहे. अक्षर माझं आहे. मीच लिहिलं."

नळ्या धुताना त्याचा हाच आवाज होता. ताईला गप्प राहता आलं असतं. त्याने तिच्यासाठी वाट करून दिली होती, आणि आत्याने ती खरीही धरली असती.

"मी सांगितलं, त्याने लिहिलं," ती म्हणाली. "त्याने मला विचारलं होतं, तुला काय वाटतं म्हणून. मी म्हटलं, सोड."

आत्याने ताईकडे पाहिलं. रागावून नाही. दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहतात तसं, नीट, चेहरा ध्यानात ठेवण्यासाठी. मग तिने ढब्बूच्या हातातला कापूस काढून घेतला, सुयांचा डबा बंद करून फळीवर ठेवला, आणि पाठमोरीच विचारलं,

"तुझी परतीची गाडी कितीला आहे?"